गोल कोणी मोडला?

पानिपत कुणामुळे हरलो, असा प्रश्न चार मराठी माणसांत टाकावा आणि गंमत बघावी. एक म्हणतो, होळकर निसटले म्हणून. दुसरा म्हणतो, भाऊंनी यात्रेकरू आणि बायकामुलं बरोबर नेली म्हणून. तिसऱ्याचा राग सूरजमलावर असतो, चौथ्याचा गोविंदपंत बुंदेल्यांवर. मग दोन पुस्तकं जास्त वाचलेला एखादा जण घसा खाकरून सांगतो, "ते सगळं खरं, पण दुपारपर्यंत लढाई आपल्या हातात होती. विंचूरकर आणि गायकवाडांनी गोल मोडला, तिथं घात झाला."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि दर वेळी ते मला टोचलं आहे. विंचूर आमच्या निफाड तालुक्यात आहे. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की निफाड ओलांडल्यावर थोड्याच वेळात ते गाव येतं. आज त्याची ओळख कांद्याच्या लिलावांची आणि वाइन पार्कची. तालुक्याच्या मोठ्या माणसांची यादी निघाली की १८४२ साली निफाडात जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांपासून सुरू होते आणि बहुधा तिथंच संपते. नाशिकला नारोशंकराची घंटा पोरासोरांनाही ठाऊक. पुण्यात विंचूरकर वाडा म्हटलं की लोकमान्य टिळक आठवतात, कारण ते तिथं राहिले आणि १८९४ साली त्यांनी तिथं सार्वजनिक गणपती बसवला. पण हे विंचूरकर मुळात कोण, त्यांचा मूळपुरुष कुठल्या रणात उभा होता, हे विचारलं की पुणेकरही गप्प आणि आमचे निफाडकरही.

तो मूळपुरुष म्हणजे विठ्ठल शिवदेव. घराण्याचं आधीचं आडनाव दाणी. अठराव्या शतकातल्या मराठी सरदारांत घराण्याच्या पुण्याईवर मोठे झालेले पुष्कळ होते. विठ्ठल शिवदेव त्यांतले नव्हेत. ते चाकरी करत वर चढले. त्यांच्या सगळ्या मोहिमांची जंत्री देत बसत नाही, दोनच नोंदी पुरेत. १७५५ च्या सुमारास गोहदच्या जाट राण्याच्या हातून ग्वाल्हेरचा किल्ला मराठ्यांकडे आला, तो यांच्या कर्तबगारीवर. आणि १७५७ च्या पावसाळ्यात रघुनाथराव आणि मल्हारराव दिल्लीवर चालून गेले, नजीबखान रोहिला दिल्लीत कोंडला गेला आणि शेवटी मराठ्यांच्या हाती लागला, त्या कामगिरीतही विठ्ठल शिवदेव पुढे होते. हाती आलेल्या नजीबाला मल्हाररावांनी धर्मपुत्र म्हणून पदराखाली घेतलं आणि तो सुटला. अब्दालीला हिंदुस्थानात बोलावून पानिपत घडवून आणणारा डोकेबाज माणूस हाच. ज्याला एकदा मुसक्या बांधून आणला, त्याच्याच जातभाईंच्या फळीसमोर साडेतीन वर्षांनी उभं राहायची पाळी विठ्ठल शिवदेवांवर आली.

आमच्या तालुक्याचा पानिपताशी आणखी एक धागा आहे, तो चांदोरीचा. गोदाकाठच्या या गावचे हिंगणे म्हणजे दिल्ली दरबारातले पेशव्यांचे वकील. महादेवभट हिंगणे बाळाजी विश्वनाथाबरोबर दिल्लीला गेले, तिथं राहिले आणि त्यांच्या मुलांनी ती वकिली पुढे चालवली. त्यांची कागदपत्रं भारत इतिहास संशोधक मंडळाने १९४० च्या दशकात 'हिंगणे दफ्तर' म्हणून छापली. बादशहा काय म्हणाला, वजिराने काय डाव टाकला, अंताजी माणकेश्वर आपल्याविरुद्ध पुण्याला काय कागाळ्या करतो, सगळं त्यांत आहे. हिंगण्यांची बाजू आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येते. विंचूर आणि चांदोरी, दोन्ही गावं एकाच तालुक्यात. एकाने लेखणी चालवली, एकाने भाला. भाला चालवणाऱ्याने आत्मवृत्त मागे ठेवलं नाही. माझ्या मते, त्याच्यावरचा आरोप इतका टिकला त्याचं निम्मं कारण हेच आहे.

आरोप नीट समजून घ्यायचा तर १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जावं लागेल. वाचकांना पार्श्वभूमी माहीत आहे, ती उगाळत नाही. उदगीर, दिल्ली, कुंजपुरा, मग ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठी फौजेचा दक्षिणेचा रस्ता बंद झाला. त्यानंतरचे अडीच महिने पानिपताच्या छावणीत गेले. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा उरलासुरला आधार तुटला. माणसांना दाणा नाही तिथं घोड्यांना कुठला? घोडदळाच्या सरदाराला हे काय वाटलं असेल याचा विचार इतिहासाच्या पुस्तकांत फारसा दिसत नाही. शिलेदाराचं घोडं म्हणजे त्याचं भांडवल, त्याची पत आणि वेळ आली तर त्याचा जीव. डोळ्यांदेखत ते रोज खंगत होतं.

अशा अवस्थेत गोलाची लढाई ठरली. चहूबाजूंनी तोफा आणि फौज, मधोमध बुणगे, बायका, यात्रेकरू, सामान. आणि हा सगळा पसारा फळी न मोडता लढत लढत सरकवायचा. कल्पना इब्राहिमखान गारद्याची, असं बखरकार सांगतात. गारदी फ्रेंच पद्धतीने तयार झालेला, दक्षिणेत बुसीचं युद्ध पाहिलेला. पायदळ ओळीत उभं राहून बार काढतं, पुढे घोडा आला तरी जागा सोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मल्हाररावांसारख्या जुन्या माणसांना ही रीत मान्य नव्हती. जड सामान आणि कबिले मागे ठेवून सड्या फौजेनिशी गनिमी लढाई करावी, हा त्यांचा सल्ला. सूरजमलाचंही म्हणणं तेच. ते मानलं गेलं नाही. भाऊंनी जुन्याजाणत्यांचा सल्ला बाजूला सारला, ही खंत त्यांच्या जवळच वावरणाऱ्या नाना फडणीसांच्या आत्मवृत्तातही उमटली आहे. नाना तेव्हा एकोणिसाव्या वर्षातला पोरगा. आई बरोबर होती, ती त्या पळापळीत कायमची हरवली. त्याने नंतर लिहून ठेवलं म्हणून पानिपतातून निसटलेल्या माणसाचे हाल आपल्याला कळतात.

फळीच्या डाव्या टोकाला इब्राहिमखानाचे गारदी. त्यांच्या शेजारी दमाजी गायकवाड, मग विठ्ठल शिवदेव, मग मधली हुजुरात, भाऊ आणि विश्वासराव. पलीकडे यशवंतराव पवार, समशेरबहादर वगैरे, आणि उजव्या टोकाकडे जनकोजी शिंदे व मल्हारराव. गारद्यांच्या समोर दुंदेखान आणि हाफिज रहमतखानाचे रोहिले.

आता आरोप. तो मराठी बखरींमधून आला आणि पुढच्या इतिहासकारांनी, कादंबरीकारांनी उचलला. कथा अशी : सकाळी गारद्यांच्या तोफांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. रोहिले मागे हटताना दिसताच गायकवाड आणि विंचूरकरांना राहवलं नाही. यशाचा वाटा आपल्यालाही मिळावा म्हणून त्यांनी गोल सोडून घोडी पुढे घातली. आपलेच स्वार तोफांच्या तोंडासमोर आल्यामुळे इब्राहिमखानाला मारा थांबवावा लागला. रोहिल्यांकडे बंदुका होत्या, या स्वारांकडे भाले-तलवारी. रोहिल्यांनी वळून बार काढले, स्वार उधळले आणि फळीला जी भेग पडली ती बुजली नाही.

कथा पटण्याजोगी आहे. तिच्यात मोह आहे, घाई आहे, शिस्तीचा भंग आहे आणि शिक्षाही लगेच मिळते. कीर्तनात सांगायला उत्तम. म्हणूनच मला तिची शंका यायला लागली आणि मी समोरच्या गोटातला साक्षीदार काढून वाचला.

तो साक्षीदार काशीराज. शुजाउद्दौल्याच्या पदरचा हा माणूस, मूळचा दक्षिणी ब्राह्मण. लढाईच्या दिवशी तो शुजाच्या बरोबर अब्दालीच्या बाजूला होता. त्याने १७८० साली फारसीत हकीकत लिहिली, कर्नल ब्राऊनने तिचं इंग्रजी केलं आणि ती अठराव्या शतकातच छापून आली. पुढे १९२६ मध्ये रॉलिन्सनने तिची नवी आवृत्ती काढली. पानिपतावर लिहिणारा प्रत्येक जण काशीराजाकडे जातो. विश्वासरावाचं प्रेत, भाऊंचा शोध, इब्राहिमखानाचा शेवट या प्रसंगांवर सगळ्यांचं लक्ष जातं. मी दोन कोरड्या जागी थबकलो.

पहिली जागा म्हणजे मराठी फौजेची यादी. सरदारांची नावं आणि पुढे स्वारांचे आकडे. ब्राऊनच्या इंग्रजीत मराठी नावांची पार वाट लागली आहे, पण थोडं थांबून वाचलं की एकेक ओळखीचा होतो. मल्हारराव ५,०००, जनकोजी १०,०००, दमाजी गायकवाड ३,०००. आणि एका ओळीत विठ्ठल शिवदेव, ३,०००. या नावाआधी 'राजा' लावलेलं आहे. दिल्लीच्या राजकारणात या माणसाची पत काय होती, ते शत्रूच्या गोटातल्या मुनशीच्या या एका उपाधीवरून कळतं. पुढच्या मराठी लेखनात विंचूरकरांच्या स्वारांचा आकडा दीड हजारावर आलेला दिसतो. दोन्ही आकडे खरे असू शकतात. मोहिमेला निघताना तीन हजार आणि दाणा-वैरण संपलेल्या छावणीतून बाहेर पडताना दीड, असं झालं असेल तर त्यात नवल काय?

दुसरी जागा डाव्या बगलेवरच्या लढाईची. काशीराज सांगतो, लढाई पेटत असताना इब्राहिमखान घोडा काढून भाऊंकडे गेला. मुजरा करून म्हणाला की, मी माझ्या लोकांचा पगार वेळेवर मागतो म्हणून आपण माझ्यावर रुष्ट असता. या महिन्यात तर पगार मुळीच मिळालेला नाही. तरी आजवरचा पगार आम्ही फुकट खाल्ला नाही, हे आज दाखवून देतो. एवढं बोलून तो आपल्या लोकांत परतला. निशाण स्वतःच्या हाती घेतलं. तोफा आणि बंदुकांचा मारा थांबवण्याचा हुकूम दिला. बाजूने येणाऱ्या शत्रूला अडवायला दोन पलटणी ठेवल्या आणि उरलेल्या सात पलटणींना संगिनी लावायला सांगून तो रोहिल्यांवर तुटून पडला.

मारा थांबवण्याचा हुकूम इब्राहिमखानाने स्वतः दिला! ही ओळ वाचून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. बखरींच्या कथेचा सगळा डोलारा एका खांबावर उभा आहे : घोडी मध्ये आली म्हणून तोफा गप्प झाल्या. इथे तर तोफांचा धनी आपल्या मनाने तोफा गप्प करतो आणि जागा सोडून पुढे जातो. गोल म्हणजे जर जागा न सोडण्याची लढाई, तर डाव्या टोकाला जागा पहिल्यांदा कुणी सोडली? काशीराजाच्या हकिकतीपुरतं उत्तर सरळ आहे : ज्याने गोल आखला, त्यानेच.

त्या सात पलटणी रोहिल्यांच्या अंगावर गेल्या आणि कापाकापी झाली. काशीराजाच्या म्हणण्याप्रमाणे सहा पलटणी जवळजवळ नेस्तनाबूत झाल्या, इब्राहिमखान स्वतः भाल्यांनी आणि गोळीने जखमी झाला. आणि गारद्यांना पाठबळ द्यायला नेमलेल्या गायकवाडांबद्दल तो म्हणतो की ते लोक चांगले लढले आणि दमाजीला अनेक जखमा झाल्या. ज्या दोन सरदारांवर फळी मोडल्याचा ठपका आहे त्यांतल्या एकाला शत्रूपक्षाचा माणूस शाबासकी देतो. त्याच फळीत गायकवाडांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या विंचूरकरांना वेगळा दोष तो देत नाही.

आता मीच माझ्या साक्षीदाराची उलटतपासणी करतो, नाहीतर गावकीचा अभिमान न्यायनिवाड्याला बसला असं व्हायचं. काशीराजाने लिहिलं ते लढाईनंतर एकोणीस वर्षांनी. शुजाची फौज होती अब्दालीच्या मध्याच्या डाव्या हाताला आणि इब्राहिमखान भिडला तो अब्दालीच्या उजव्या बगलेशी. मध्ये काही मैलांची फळी, धूळ आणि धूर. तेव्हा डाव्या बगलेवर काय झालं ते त्याने पाहिलं असण्यापेक्षा ऐकलं असण्याचा संभव जास्त. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस रोहिले, दुराणी आणि कैद झालेले मराठे यांच्यात तो वावरला, हे मात्र त्याच्या बाजूने धरायला हवं.

दुसरीकडे बखरींचं काय? 'भाऊसाहेबांची बखर' घटनेनंतर लवकर लिहिली गेली हे खरं, पण तिचा कल शिंद्यांकडे आणि राग होळकरांवर, हे अभ्यासकांनी पुष्कळदा दाखवलं आहे. रघुनाथ यादवाची बखर गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून लिहिलेली. विश्वासरावाची ही आई, आयुष्याची शेवटची वर्षं आमच्या नाशिकजवळ गंगापूरला काढलेली. पोटचा पोर गमावलेल्या आईला हकीकत सांगताना लेखणी कुणाकडे झुकेल? होळकरांची कैफियत सांगते की मल्हारराव पळाले नाहीत, वडिलकीने निघाले. पुढे इंग्रजी अमलात इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हा तर घराण्याघराण्यांनी आपापल्या पराक्रमाच्या याद्या लिहून दिल्या, कारण प्रश्न गावांच्या उत्पन्नाचा होता. एकोणिसाव्या शतकात विंचूरकर घराण्याचाही इतिहास छापला गेला. त्यात मूळपुरुषाचं गुणगान आहे हे सांगायला नको. सारांश, पानिपताच्या आठवणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला कुणाला तरी वाचवायचं होतं किंवा कुणाला तरी बुडवायचं होतं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये पानिपताच्या काळातली पत्रं पहिल्या खंडात छापली तेव्हाच खरं साधन हाती आलं. पण त्यांच्याही प्रस्तावनेत गोविंदपंत आणि मल्हारराव आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. दोष वाटण्याची आमची खोड पत्रांनीही गेली नाही.

समजा, बखरींची गोष्ट जशीच्या तशी खरी मानली. गायकवाड-विंचूरकरांनी घोडी घातली, हे धरून चाललो. तरी मला त्यांच्याकडे बोट दाखवताना हात आखडतो. पंचवीस-तीस वर्षं ज्याने घोड्यावर बसून लढाया मारल्या, त्याच्या अंगवळणी एकच गोष्ट पडलेली : शत्रू हटला की त्याला उसंत द्यायची नाही. मराठी घोडदळाने नर्मदेपासून अटकेपर्यंत जे मिळवलं ते या एका सवयीवर. त्या माणसाला गोलात उभं करून, पुढे रोहिले पाठ फिरवताना दिसत असताना, हलू नको म्हणून सांगायचं. सराव दिला का? नाही. हातात बंदुका दिल्या का? नाही. घोड्याच्या पोटात दाणा? तोही नाही. आणि त्याच्या बाजूचा गारदी, जो या नव्या विद्येतला वस्ताद, तो स्वतः निशाण उचलून धावत सुटलेला. कवायत एका सकाळी शिकवता येत नाही. रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींना लिहिलेल्या प्रस्तावनेत मराठी फौजेच्या बदलत्या घडणीचा, शिलेदाराच्या जागी येत गेलेल्या पगारी कवायती पायदळाचा, ऊहापोह केला आहे. दोन तऱ्हांच्या फौजा एका फळीत उभ्या केल्या आणि त्या एकजीव करायला सवड मिळाली नाही. हा दोष फळीतल्या सरदाराचा नाही, फळी आखणाऱ्याचा आहे. यावर कुणी मला भाऊसाहेबांचा निंदक म्हटलं तरी चालेल.

विठ्ठल शिवदेव पानिपतातून जिवंत परतले. हाही त्यांच्यावरचा एक न बोललेला आरोपच आहे. जो पडला तो शूर, जो परतला तो पळपुटा, असा आपला हिशोब. पण महादजी शिंदेही परतले, नाना फडणीसही परतले. त्यांना कुणी पळपुटे म्हणत नाही, कारण पुढचा पंचवीस-तीस वर्षांचा डाव त्यांनी खेळला. विंचूरकरांना तेवढी वर्षं मिळाली नाहीत. जी मिळाली त्यांत त्यांनी चुकीची बाजूही धरली. १७६२ साली रघुनाथराव आपल्या पुतण्यावर, माधवराव पेशव्यांवर, रुसून नाशिककडे निघून आले आणि फौज जमवू लागले, तेव्हा नारोशंकर आणि विठ्ठल शिवदेव त्यांना जाऊन मिळाले. नोव्हेंबरात आळेगावला माधवरावांचा पाडाव झाला, त्यात आमच्या जिल्ह्याच्या या दोन सरदारांचा हात होता. पानिपताला दोन वर्षंही झाली नव्हती आणि वाचलेले लोक एकमेकांवर तोफा डागत होते. विठ्ठल शिवदेवांच्या कारकिर्दीत मला खरोखर खटकणारं काही असेल तर ते आळेगाव. गंमत अशी की त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावत नाही.

आणि माधवरावांनी काय केलं? हा पेशवा चूक पोटात घालणारा नव्हता. तरी विंचूरची जहागीर राहिली. १७६७ मध्ये विठ्ठल शिवदेव वारले, त्यांच्यामागे वंशजांनी सरदारी चालवली आणि इंग्रजी अमलातही दक्षिणेतल्या पहिल्या वर्गाच्या सरदारांत विंचूरकर मोडत राहिले. पानिपताचा गोल यांनीच मोडला आणि सव्वा लाख माणूस यांच्यामुळे मेलं, असं पुणे दरबाराला मनापासून वाटलं असतं, तर भाऊबंदकी मिटल्यावर जुना हिशोब चुकता करायला माधवरावांना कुणी अडवलं होतं?

हा पुरावा निर्णायक नाही, हे मान्य. जहागिरी राखण्यामागे राजकारण असतं, काशीराजाच्या कानांवरही भरवसा किती ठेवायचा याला मर्यादा आहे. पण 'विंचूरकरांनी गोल मोडला' हे वाक्य आपण ज्या खात्रीने बोलतो, तेवढी खात्री देणारा कागद मला एकही दिसला नाही. बखरकाराच्या एका प्रसंगावर दोनशे साठ वर्षं एका शिपाईगड्याचं नाव टांगून ठेवलं आहे. पानिपताचं देणं फार मोठं आहे. त्यातलं भाऊंचं भाऊंच्या नावावर, गारद्याचं गारद्याच्या आणि भुकेचं भुकेच्या नावावर लिहावं. विठ्ठल शिवदेवांच्या खात्यावर मग जे उरेल, ते त्यांचं. ते फार उरत नाही, असं माझं मत झालं आहे.